वर्दी नको म्हणाले होते

मी माणसांचे पाय आधी बघते, चेहरा नंतर. लग्नात, बँकेत, दवाखान्यात, कुठेही. बोटं उघडी आहेत की झाकलेली, टाच बंद आहे की पट्ट्याची, एवढं बघून झालं की मग कोण आलंय ते बघायचं. मैत्रिणी म्हणतात, तू माणसाला भेटतेस की त्याच्या चपलांना? हसा बाई, हसा. एकदा लागलेली सवय सुटत नाही.

ही सवय मला गेटने लावली. चेन्नईहून श्रीपेरुंबुदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कारखान्यांच्या मधोमध मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक आहे. ट्रॅकला लागून एक गल्ली असते, शर्यतीतली गाडी टायर बदलायला किंवा दुरुस्तीला आत येते ती तिथे. तिला पिट म्हणतात. पिटच्या कडेने ओळीने गॅरेजेस. एकेका गॅरेजात एकेका टीमची गाडी पोट उघडून ठेवलेली असते. त्या सगळ्या भागात शिरायला एकच गेट आहे, आणि शर्यतीच्या शनिवार-रविवारी त्या गेटवर मी उभी असते. पाहुण्यांचे कपडे तपासायला.

पगार नाही. दोन वेळचा डबा मिळतो, एक टी-शर्ट मिळतो आणि मानेची कातडी करपून निघते. आठवडाभर मी ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला असते. सकाळी सहा दहाला कंपनीची बस, संध्याकाळी त्याच बसने परत, खिडकीला डोकं टेकून झोप. सांगलीहून इथे आले तेव्हा तमिळचं अक्षर येत नव्हतं आणि रविवार खायला उठायचा. कॅन्टीनमधल्या एकीने विचारलं, ट्रॅकवर माणसं कमी पडतायत, येतेस का? गेले. पहिल्या दिवशी पाण्याच्या बाटल्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी गेटवर उभं केलं, कारण म्हणे बाई उभी असली की लोक कमी भांडतात. कुठलं काय! भांडायचे ते भांडायचेच. पण त्यांना माहीत नव्हतं की मी त्यांच्याहून जास्त भांडते. तीन-चार वर्षांत गेटची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली.

नियम साधे आहेत. बूट बंद हवेत. पँट घोट्यापर्यंत. खांदे आणि दंड झाकलेले. ओढणी, पदर, टाय, लोंबतं काही नको. केस बांधलेले. आणि कापड सुती. हे शेवटचं लोकांना पटत नाही. महागातला शर्ट घालून आलेला माणूस म्हणतो, मॅडम, हा इंपोर्टेड आहे. असू दे ना! गॅरेजात पेट्रोल असतं, लालबुंद तापलेले एक्झॉस्टचे पाइप असतात. सुती कापड जळालं तर राख होऊन गळतं. नायलॉन, टेरिकॉट, पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. एका पाहुण्याच्या जॅकेटची बाही नुसती एक्झॉस्टला लागली होती. ते कापड दंडावरून सोडवताना तो जो ओरडला, ते मी ऐकलंय. त्या दिवसापासून मी कुणाचं ऐकून घेत नाही.

शिवाय गॅरेजात इंजिन सुरू असेल तर कानांवर मफ घालायचे, मोठ्या हेडफोनसारखे. ते आम्ही गेटवरच देतो. इंजिन बंद होईपर्यंत काढायचे नाहीत.

किती जणांना मी परत पाठवलं, गणती नाही. वेष्टी, म्हणजे इकडची पांढरी लुंगी, नेसून, मागे पाच माणसं घेऊन आलेले पुढारी. कांजीवरम नेसून मुलाची गाडी बघायला आलेल्या बाई. त्यांना मी बाहेर खुर्ची दिली, ताक दिलं, पण आत सोडलं नाही. उंच टाचांच्या सँडल घालून फोटो काढायला आलेल्या मुली तर दर वेळी. "माझ्याकडे पास आहे," असं प्रत्येक जण म्हणतो. पास असतोच हो. कपडे नसतात.

खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. कारखान्यात माझ्या वर सहा साहेब. गेटवर मात्र कारखान्याचा मालक आला तरी मी त्याच्या पायांकडे बघणार आणि मान हलवणार. माझ्याबरोबर गेटवर एक मामा असतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. घराणं तंजावरचं मराठी, पिढ्यानपिढ्या इकडेच. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा अर्धी डोक्यावरून गेली, सूर सगळा तमिळ. आता मला ती घरची वाटते. मामा एकदा म्हणाले होते की नियम पाळायला लावताना तुझ्या चेहऱ्यावर जो आनंद असतो ना, तो जरा कमी कर. मी म्हटलं, मामा, तुम्ही मफ वाटा.

आता बाबांचं सांगते.

बाबा सांगलीकडच्या एका बस डेपोच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. तीस-बत्तीस वर्षं. खाकी वर्दी, जाड सुती, पूर्ण बाह्यांची, आणि डेपोने दिलेले काळे बूट. इंजिन उघडायच्या आधी ते ऐकायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरला बघ. तिसऱ्यालाच निघायचं. लांबच्या डेपोतून त्यांना बोलावणं यायचं. लहानपणी मी कितीदा बघितलंय, आजूबाजूला एवढा गोंगाट आणि हा माणूस डोळे मिटून उभा. मी मोटारींच्या धंद्यात आले ती त्यांच्यामुळे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं, कुणास ठाऊक.

ट्रॅकचं काम मी त्यांना फोनवर सांगायची. शर्यत कोण जिंकलं याच्यात त्यांना काही रस नव्हता. ते विचारायचे, "किती फिरतं गं ते इंजिन? आवाज कसा येतो? फाटका येतो का भरीव?" मला काय सांगता येणार? एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं. ऐकून म्हणाले, "हे तर मिक्सर लावल्यासारखं वाटतंय. जवळ उभं राहून ऐकलं पाहिजे." मग गेल्या सीझनच्या आधी त्यांनी स्वतःहून विचारलं, "मला येता येईल का गं? एकदाच. नुसतं शेजारी उभा राहीन. इंजिन सुरू केलं की ऐकायचं आणि निघायचं."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर तेवढंच.

मी एका लहान टीमच्या हेड मेकॅनिकला विचारलं. तो इथलाच, कडक पण भला माणूस. तो म्हणाला, शनिवारी अकरा वाजता नवं इंजिन बसवून पहिल्यांदा सुरू करणार आहोत, तेव्हा आण. पाच मिनिटं चालवू, मग गाडी ट्रॅकवर जाईल. पाहुणा पिवळ्या रेषेमागे उभा राहील. एवढं ठरलं.

मी घरी फोन केला. बाबांना नियम सांगितले, पण कसे? घाईघाईत. बूट, पूर्ण पँट, मफ. मफचं ऐकून ते खो-खो हसले. "कान झाकून काय ऐकायचं?"

"बाबा, झाकूनसुद्धा भरपूर ऐकू येतं. नियम आहे तो."

"बरं बाई. नियम तर नियम." मग जरा थांबून म्हणाले, "वर्दी आणू का गं माझी? धुवून ठेवलीय. बूटपण आहेत."

आणि मी म्हणाले, "काहीतरीच काय बाबा! वर्दी कशाला? तुम्ही पाहुणे म्हणून येताय, मेकॅनिक म्हणून नाही. तिथे मोठमोठी माणसं येतात. जरा चांगले कपडे आणा."

शर्यतीच्या शनिवार-रविवारी दिवसभर उन्हात उभी राहून जगाला सुती, सुती, पूर्ण बाह्या, बंद बूट असं सांगणारी मी. आणि ज्या माणसाकडे नेमकं तेच होतं त्याला मी नको म्हणाले. का? मला लाज वाटली. दुसरं काही नाही. त्या विटक्या खाकी वर्दीत, खिशावर तेलाचा डाग असलेल्या, बाबा माझ्या गेटमधून आत जातायत आणि टीमचे मालक बघतायत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी पटकन नको म्हणून टाकलं. बाबा "बरं" म्हणाले. त्यांनी कधी हट्ट केला नाही.

ते दोन गाड्या बदलून शुक्रवारी संध्याकाळी आले. आई आली नव्हती, तिचे गुडघे. जेवताना बाबा मला दोनदा म्हणाले, "काय म्हणालीस?" मी म्हटलं, प्रवासाचा शीण असेल. शनिवारी पहाटेच मी निघाले, ते झोपलेले होते. त्यांच्यासाठी साडेनऊला टॅक्सी सांगून ठेवली होती. काय घालणार ते मी बघितलंच नाही. बॅग उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती.

सकाळी गेटवर गर्दी होती. पावणेअकराच्या सुमाराला एका टीमला पैसे पुरवणाऱ्या कंपनीचे बडे गृहस्थ आले. चकाकता शर्ट, मोज्यांशिवाय लोफर. मी पाय बघितले, शर्टाच्या बाहीला बोट लावलं आणि म्हटलं, सॉरी सर. झालं, ते तापले. तुम्हाला माहितीये का मी कोण आहे, इथपासून सुरुवात. मी म्हटलं, तुम्ही कोण आहात ते मला माहिती आहे, तुमचं कापडपण माहिती आहे. मागे उभी असलेली माणसं हसली. मला बरं वाटलं. ते बाजूला उभे राहून कुणाला तरी फोन लावत बसले.

तेवढ्यात टॅक्सीतून बाबा उतरले.

सफारी. बिस्किटाच्या रंगाचा, कोरा करकरीत, टेरिकॉटचा. अर्ध्या बाह्या. खास शिवून घेतला होता, इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. आणि पायात नव्या सँडल, बोटं उघडी. भांग पाडलेला, गळ्यात पास अडकवलेला. लग्नाला निघाल्यासारखे आनंदाने ते सरळ माझ्याकडे चालत आले, आणि मी सवयीने आधी त्यांचे पाय बघितले.

बाजूला ते गृहस्थ फोन कानावरून काढून बघायला लागले. बाबांनी आल्या आल्या माझ्या खांद्यावर हात ठेवून मराठीत विचारलं, "झालं का सुरू?" त्यावरून ते माझे कोण हे कळायला कुणाला वेळ लागला नाही. गृहस्थ म्हणाले, "सफारी चालतो वाटतं इथे?"

आता इथे काय करता आलं असतं ते सांगते, कारण ते मी मनात शंभरदा करून बघितलंय. मागच्या खोलीत आमच्या लोकांसाठी ठेवलेला सुती डगला होता, अंगभर येणारा. एकच होता. चालत दोन-तीन मिनिटांवर. मामा लगेच माझ्या कानाशी लागले, "मी डगला घेऊन येतो. माझे बूट यांच्या पायाला होतील, मी अनवाणी बसतो इथे." खरंच ते वाकून नाडी सोडायला लागले होते. अकराला अजून बारा मिनिटं होती.

मी म्हणाले, "नको मामा. मग या साहेबांनापण द्यावा लागेल."

"त्यांना सांग ना, एकच आहे म्हणून. ते काय ऐकायला आलेत का? ते फोटो काढायला आलेत."

"नको म्हटलं ना! नियम सगळ्यांना सारखा."

हे शेवटचं वाक्य मी मोठ्याने म्हणाले. त्या गृहस्थांना ऐकू जावं म्हणून. बघा, मी माझ्या बापालासुद्धा सोडत नाही, असं मला दाखवायचं होतं. त्यात नियमाचा काही संबंध नव्हता. डगला घालून पाठवलं असतं तर एकही नियम मोडला नसता. तो सगळा तोरा होता माझा.

बाबांना मी म्हटलं, "बाबा, नाही चालणार हे. कापड चालत नाही, आणि सँडल."

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी स्वतःच्या बाहीकडे बघितलं, पायांकडे बघितलं. हळूच म्हणाले, "चांगले कपडे आणा म्हणालीस म्हणून..." आणि तिथेच थांबले. मग माझ्या तोंडाकडे बघून एकदम म्हणाले, "नाही नाही, बरोबर आहे तुझं. मीपण सोडलं नसतं. वर्कशॉपात कुणी असं आलं तर मीपण हाकललं असतं." बाजूच्या गृहस्थांकडे बघून त्यांनी मान डोलावली, जणू माझी बाजू मांडायला. मला ते अजून सहन होत नाही.

गॅरेजांच्या मागच्या बाजूला तारेची जाळी आहे. तिथून आतलं काही दिसत नाही, नुसत्या भिंती. मामा त्यांना तिकडे घेऊन गेले. अकरा वाजता मी गेटवरून बघितलं तर बाबा जाळीला अगदी चिकटून उभे होते, मान वाकडी करून, उजवा कान आत वळवून, कानामागे पंजा धरून. मला वाटलं, काय उत्साह आहे बघा. पलीकडे ट्रॅकवर दुसऱ्या गटाच्या वीसेक गाड्या सराव करत होत्या, नुसता कल्लोळ. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मामा त्यांच्या शेजारी उभे होते. मग दोघं झाडाखाली येऊन बसले, आणि मामांनी त्यांना आपल्या डब्यातला दहीभात दिला.

संध्याकाळी घरी जाताना बाबा म्हणाले, "छान झाला दिवस." मी विचारलं, ऐकू आलं का? म्हणाले, "आलं की." मी लगेच विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं. "पुढच्या सीझनला या बाबा, नीट बूट घालून," असं मी म्हणाले, आणि वर हसले. ते म्हणाले, "बघू."

सोमवारी ते सांगलीला परत गेले. सफारी माझ्याच कपाटात विसरून गेले. विसरले की ठेवून गेले, मी विचारलं नाही.

चार-पाच महिन्यांनी, सकाळी कंपनीच्या बसमध्ये असताना, आईचा फोन आला. बाबांना ऐकू येईनासं झालंय. डावा कान आधीच गेला होता, आता उजवाही. मशीन बसवून घेतलं, पण नुसतं खरखरतं म्हणून काढून ठेवतात. मी आईवर चिडले, ओरडलेच, मला आधी का नाही सांगितलं? आई शांतपणे म्हणाली, "डॉक्टर गेल्याच वर्षी म्हणाले होते, दुसराही जाणार म्हणून. इतकी वर्षं त्या वर्कशॉपात कानाला काही न लावता काढली. म्हणून तर आले होते ना ते तुझ्याकडे, राहिलाय थोडा तोवर. तुला सांगू नको म्हणाले. म्हणाले, सांगितलं तर ती आधी डॉक्टरकडे पळवील आणि इंजिन राहूनच जाईल."

फोन ठेवून मी कितीतरी वेळ बसमध्ये तशीच बसून राहिले. बस कारखान्यात पोचून रिकामी झाली होती. ड्रायव्हरने येऊन तमिळमध्ये विचारलं, अम्मा, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, नाही, काही नाही, आणि उतरून कामाला लागले. दिवसभर माझ्या हातून तपासणीचे आकडे चुकत होते.

पुढच्या शर्यतीला मी मामांना सांगितलं. मामांनी हातातली मफची पेटी खाली ठेवली. मग म्हणाले, "त्या दिवशी जाळीपाशी मलाही काही ऐकू आलं नव्हतं. माझे कान चांगले आहेत. ट्रॅकवरच्या गाड्यांपुढे आतलं इंजिन कुठून ऐकू येणार? त्यांनी मला विचारलं, सुरू झालं का? मी म्हटलं, झालं असेल. मग ते म्हणाले, मुलीला सांगू नका हं, ऐकू आलं नाही म्हणून." एवढं बोलून मामा पास तपासायला लागले. माझ्या तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही, ते बरंच केलं.

या सीझनला मी बाबांना मोबाइलवर लिहिलं. एवढंच लिहिलं, 'वर्दी घेऊन या.' उत्तर आलं, 'आता कशाला?' मी लिहिलं, 'या ना बाबा. मला पाहिजे.' दोन दिवस काही नाही. मग तिकिटाचा फोटो आला.

शनिवारी सकाळी मी त्यांना माझ्याबरोबरच नेलं. वर्दी त्यांना आता सैल होत होती, खांद्यावरून उतरत होती. बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. खिशावरचा तेलाचा डाग तसाच, धुवून धुवून फिका. बूट मात्र असे चमकत होते की त्यात बघून भांग पाडावा. गेटवर ते रांगेत उभे राहिले. मी हाताने खूण केली, चला की आत, तर मान हलवली आणि बाकीच्यांसारखे हात बाजूला करून तपासणीसाठी उभे राहिले. मी तपासलं. बूट बंद, पँट घोट्यापर्यंत, बाह्या पूर्ण, कापड सुती. इतक्या वर्षांत माझ्या गेटवर इतके बरोबर कपडे घालून कुणी पाहुणा आला नव्हता.

पलीकडे मामा मफ वाटत होते. बाबांची पाळी आली तसा त्यांचा हात पेटीतच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बहिऱ्या माणसाच्या कानांवर कसले मफ घालायचे? बाबांनी दोघांचे चेहरे बघितले, स्वतःच पेटीत हात घातला, एक जोड काढला आणि नीट कानांवर बसवला. मग, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या गेटला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "नियम तर नियम!"

तोच हेड मेकॅनिक, तेच गॅरेज. त्याला मी सगळं सांगितलेलं होतं. त्याने बाबांची वर्दी बघितली आणि पिवळी रेषा दाखवायच्या आधी त्यांच्याशी हात मिळवला. बाबा रेषेमागे बरोबर टाचा जुळवून उभे राहिले. त्यांनी गाडीचं उघडं इंजिन आधी नीट बघून घेतलं, डावीकडून, उजवीकडून. मग डोळे मिटले. मान थोडी वाकडी केली. लहानपणी डेपोत बघायची तसेच.

इंजिन सुरू झालं. मी त्या आवाजाकडे पहिल्यांदाच लक्ष दिलं असेल. भरीव होता, बाबा. फाटका नव्हता. खाली गुरगुर, मग वर चढताना स्वच्छ, एकसारखा. मिक्सरसारखा मुळीच नव्हता. पाच मिनिटं त्यांनी ते चालवलं, आणि बंद केलं. सगळ्यांनी मफ काढून मानेवर अडकवले. बाबा तसेच उभे होते, डोळे मिटून, बारीक मान डोलवत. एक मेकॅनिक त्यांच्या खांद्याला हात लावायला पुढे झाला. मी त्याला खुणेनेच थांबवलं. गॅरेजात कुणी काही बोललं नाही, हत्यार उचललं नाही. बराच वेळ.

मग बाबांनी डोळे उघडले. सगळ्यांच्या मानेवरचे मफ बघून त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आपले काढले, मला दिले आणि हसून मोठ्याने म्हणाले, "छान आहे गं. गेल्या वर्षी जाळीतून ऐकलं होतं ना मी, अगदी तसंच आहे."

"चुकलं माझं बाबा," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, त्या सगळ्यांच्या समोर, जशी गेल्या वर्षी गेटवर ओरडले होते तशी. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं.

"काय?" बाबांनी कानामागे पंजा धरून विचारलं.

मी त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं आणि हाताने खूण केली, मस्त आहेत म्हणून. त्यांनी खाली बघितलं आणि खूश झाले.